उष्ट्या हाताचा उत्तर ध्रुव

समस्त मानवजातीला कळवण्यास अत्यंत खेद होतो की, आज आमच्या जेवणाच्या टेबलावर उत्तर ध्रुव चुकला.

बायको शाळेत मराठी शिकवते, पण विज्ञानाच्या बाई रजेवर. तासाभरात वर्गात दाखवायचा विद्युतचुंबक, म्हणजे तांब्याची तार गुंडाळलेला खिळा, तिने सेलला जोडून माझ्यापुढे धरला.

"अहो, उत्तर ध्रुव कुठला? त्या टोकाला लाल रंग लावायचाय."

नियम मला पाठ! वेटोळ्यांतून वीज फिरते तशी उजव्या हाताची बोटं वळवायची, अंगठा उत्तर ध्रुव दाखवतो. पण उजवा हात वरणभातात. उष्टा हात कशाला लावू नये, म्हणून मी ऐटीत डावा वळवला. तिने रंग लावला, होकायंत्र जवळ नेलं, तर सुईचं उत्तर टोक लाल टोकालाच ओढलं गेलं. सारखे ध्रुव तर एकमेकांना ढकलतात! म्हणजे माझ्या डाव्या अंगठ्याने दक्षिण ध्रुव दाखवला होता.

मला खिळ्याचीच दया आली. वीज उलटी फिरवली की बिचाऱ्याचे ध्रुव उलटतात, बंद केली की नुसता खिळा. त्याच्या हातात काय आहे? माझ्या हातात तरी वाळत चाललेला भात होता.

घड्याळाकडे बघत ती ओरडली, "अहो, आधी हात धुवा, मग दिशा दाखवा!"