खंडेनवमीला बंद झालेला संगणक

घोटीच्या भातगिरणीचा संगणक माझ्या स्क्रीनवर दिसत होता, तो दिसेनासा झाला. चौकट काळी पडली. अंबडच्या ऑफिसात मी एकटी होते. खंडेनवमी असल्याने आजूबाजूचे कारखाने बंद होते. एरवी भिंतीतून जाणवणारी प्रेसची धडधड थांबली होती आणि खिडकीतून झेंडूचा वास येत होता.

मी तेव्हा कंपनीत अ‍ॅप्रेंटिस होते. म्हणजे वर्षभर विद्यावेतनावर काम शिकायचं आणि वर्ष संपल्यावर कंपनीला हवं असेल तर राहायचं. माझं वर्ष संपत आलं होतं. गिरणीचं काम हे मला एकटीला मिळालेलं पहिलं काम. जुन्या प्रोग्रॅममधली सगळी माहिती नव्या प्रोग्रॅममध्ये हलवायची. याला मायग्रेशन म्हणतात. घर बदलण्यासारखंच, फक्त सामान दिसत नाही. काम रिमोटने होतं. तिथला संगणक इथून चालवायचा; तो तिथे सुरू असला पाहिजे, एवढीच अट.

दसऱ्याच्या सकाळी नव्या भाताचं पहिलं पोतं नव्या प्रोग्रॅमवर मोजायचं होतं. मुहूर्त ठरला होता. तो साधला तर माझ्यासाठी शब्द टाकीन, असं टीम लीड सोनवणे सर म्हणाले होते. चुकला तर काय, ते बोलले नव्हते. दिवसही त्यांनीच निवडला. गिरणी बंद, म्हणजे संगणक मोकळा.

मी गिरणीत फोन लावला. मालक बाहेर होते. त्यांच्या आई हिराबाई यांनी उचलला. मोटर, काटा आणि संगणक यांची एकत्र पूजा झाली, मग सगळ्यांची बटणं बंद केली, असं त्यांनी सांगितलं.

"काकू, संगणक तेवढा चालू करता का? थोडंच काम आहे."

"नाय बाई. पूजा झाली त्याची. आज त्याला इसावा हाय."

सर घरी होते. पुन्हा फोन कर, संगणक म्हणजे विळा-कोयता नव्हे हे त्यांना समजाव, असं ते म्हणाले. हरसूलला आमच्या घरी या दिवशी विळ्याला कोणी हात लावत नाही. फरक कसा समजवायचा, मला सुचत नव्हतं. तरी फोन केला.

या वेळी हिराबाईंनीच विचारलं, "तू कशी कामावर? तुमच्यात पूजा नाय करीत?"

मी खरं ते सांगितलं. आमच्या रिसेप्शनला एक जुना, कायमचा बंद पडलेला संगणक आहे. दरवर्षी सगळ्यांच्या वतीने त्यालाच हार घालतात. बाकीचे चालू राहतात.

"म्हंजी मेलेल्याला सुट्टी आन् जित्याला काम," त्या म्हणाल्या. मग आवाज मऊ झाला. "पाहाटं उत्तरपूजा करून देते. मंग तुझं चालू दे."

काम पहाटे सुरू केलं तर मुहूर्तापर्यंत होण्यासारखं होतं. पण मध्ये काही अडलं तर सावरायला वेळ नव्हता. मी सरांना तसं कळवलं.

"रिस्क तुझी," ते म्हणाले.

पहाटे वॉचमनने दार उघडून दिलं. पांडवलेणीचा डोंगर धुक्यात अर्धा बुडालेला होता. रिसेप्शनच्या संगणकावरचा हार अजून ताजा होता. मी काळ्या चौकटीसमोर बसले आणि फोन लावून स्पीकरवर ठेवला. बांगड्या वाजल्या. मग पत्र्यावर तांदळाचे दाणे पडल्यासारखा बारीक आवाज आला. उत्तरपूजेत अक्षता वाहून पूजेतली वस्तू जागची जराशी हलवतात; मग ती मोकळी होते. संगणकाचा डबा सरकल्याचं ऐकू आलं, नंतर बटण.

चौकट हळूहळू निळी झाली. घोटी उगवली. मग मी हात लावलेला नसताना स्क्रीनवरचा बाण किंचित सरकला आणि थांबला.

"ते हातात धरायचं बी हलवलं," हिराबाई म्हणाल्या. "घे आता."

मी लगेच माउसला हात लावला नाही. असा बाण पुन्हा कधी पाहायला मिळाला नाही.

मग काम सुरू केलं. शेतकऱ्यांची नावं एकामागून एक जुन्या घरातून नव्या घरात जात राहिली. शेवटाकडे, किती काम झालं ते दाखवणारी पट्टी अडली.

"झालं का गं?"

"थांबलंय, काकू."

"थांबू दे. रात्रभर निजलेलं हाय, जरा आळस देईल."

पट्टी पुढे सरकली. बाहेर अंबड उजाडत होतं. थोड्या वेळाने फोनमधून नारळ फुटल्याचा आवाज आला आणि पहिल्या पोत्याचं वजन माझ्या स्क्रीनवर उमटलं.

सरांनी शब्द टाकला. मी त्याच कंपनीत आहे. आता नव्या अ‍ॅप्रेंटिसना कामं मी लावून देते, आणि सुट्टीच्या दिवशी मायग्रेशन ठरलं की गिरणीत, दुकानात आधी फोन करायला लावते. सुट्टी माणसांना आहे की यंत्रालाही, ते विचारून घ्यावं.