बाईंच्या गांधीलमाश्या

आमच्या थोरल्या जाऊबाईंना गांधीलमाशी कधी चावत नसे. डिंभ्याला धरणाच्या अलीकडे आमचं घर. उन्हाळा लागला की पडवीच्या पत्र्याखाली, मोरीच्या दारावर करड्या कागदासारखी पोळी लटकायची. त्यांच्या वीतभर खाली बाई निवांत धुणं वाळत घालायच्या. मी त्या दोरीकडे नुसती गेले तरी माशी अंगावर यायची. सासूबाई म्हणायच्या, "थोरलीचा हातच शांत हाय." धाकटीचा हात कसा, ते त्यांना सांगावं लागत नसे.

बाई कुणाला पोळं काढू देत नसत. "माज्या वांग्यावरच्या अळ्या त्याच येचून नेत्यात. थंडी पडली की जात्याल आपल्या आपण. तवर बाजूनं चाला," असं त्या आल्यागेल्यालाही सांगत.

त्यांना मूल नव्हतं. माझी चार वर्षांची राणी त्यांना 'मोठी आई' म्हणायची. जुन्या दाराशी बसून त्या तिला माशी दाखवायच्या. "बघ, लाकूड खरवडती. चावून चावून त्याचा कागद करंल आन् घर बांधंल." राणी श्वास रोखून बघायची. जेवायची त्यांच्या हातून, झोपायची त्यांच्या कुशीत. मी घास पुढे केला की तोंड फिरवायची.

एका दुपारी राणी अंगणात पडली, गुडघा फुटला. मी समोरच होते, हात पुढे केले. ती मला ओलांडून परसात बाईंकडे पळाली.

मी काठीला चिंधी गुंडाळली, पेटवली आणि मोरीवरच्या पोळ्याला लावली. माश्यांवर माझा राग नव्हता. बाईंचं काहीतरी जळायला हवं होतं. अर्धं पोळं जळालं, उरलेल्या माश्या उठल्या. मी काठी टाकून घरात पळाले. तेवढ्यात राणीचा पाय धुवायला बाई तिला घेऊन मोरीकडे आल्या. त्यांनी पोरीला खाली दाबलं, वरून पदर घेतला आणि तशाच ओणव्या राहिल्या.

राणीला एकही माशी चावली नाही. बाईंचं तोंड इतकं सुजलं की डोळे दिसेनात.

"पोळं कुणी पेटवलं?" सासूबाईंनी विचारलं. राणी तिथंच बाईंना चिकटून बसली होती.

"मीच," बाई म्हणाल्या. "म्हटलं काढावं एकदाचं."

मी सुटले होते. तरी मला वाटलं, माझी चूकसुद्धा हिनं नेली.

दोन वर्षांनी थोरल्या दिरांना मंचरला काम मिळालं. बाईंना पोचवायला मी आणि राणी स्टँडवर गेलो. गाडीचा पत्ता नव्हता. राणी जरा लांब खेळत होती, तेव्हा मी बोलून टाकलं, "बाई, ते पोळं मी पेटवलं व्हतं."

"ठाऊक हाय. तुज्या भुवया जळाल्याचा वास येत व्हता."

"मग बोलला का न्हाई?"

"पोरगी ऐकत व्हती. तिला जन्मभर तू लागशील, मी न्हाई."

गाडी आली. राणी त्यांच्या पायाला मिठी मारून रडत होती. बाई वाकून तिच्या कानात काहीतरी बोलल्या आणि गाडीत चढल्या.

परतीच्या वाटेवर राणीनं आपणहून माझा हात धरला. "मोठी आई म्हणली, आता आईला धर."

मी तो हात घट्ट धरला. किती दिवस वाट पाहिली होती मी त्याची. आणि तोही मला बाईंकडूनच घ्यावा लागला.