काझिसला थंडी वाजते

शेनँडोआ या कोळशाच्या गावाच्या वरच्या टेकडीवर खाणकामगारांच्या घरांची एक ओळ आहे. तिथे कुणाची शेगडी रुसली की मार्सेला यानुलिसला बोलावणं जायचं. ती हातात काही घेऊन यायची नाही, तोंड मात्र सोबत असायचं. निखारे वरून टोचणाऱ्याला ती विचारायची, कोळसा आहे की सूप, ढवळतोयस कशाला? दगडी कोळसा खालून श्वास घेतो, एवढी साधी गोष्ट माणसांना कळू नये याचा तिला मनापासून राग यायचा. राखेच्या दारावरची हवेची चकती बेताने उघडायची, जाळी हलवायची, आणि नवा कोळसा घालताना एक कोपरा लाल ठेवायचा, हे ती दर हिवाळ्यात त्याच त्याच लोकांना शिकवायची. त्या लाल कोपऱ्यावरून निळ्या ज्वाळा उठतात आणि काळ्या कोळशावर नाचत फिरतात. तिथले लोक त्यांना निळ्या बाया म्हणतात. बाया नाचताहेत तोवर विषारी वायू जळतो आहे, घर सुखरूप आहे. धूर वर नेणाऱ्या पाईपात एक झडप असते. ती कुणी घट्ट लावलेली दिसली, तर मार्सेला त्या घरात कॉफीलाही बसत नसे.

तिचा नवरा काझिस खाणीत फुप्फुसं घालवून बसला होता. शेवटची काही वर्षं त्याला हवा पुरायची नाही. ऐन जानेवारीतही तो खिडकी सताड उघडी ठेवून तिथेच बसायचा, मांडीवरच्या गोधडीवर बर्फ पडायचा, आणि मार्सेला चडफडत शेगडीत आणखी कोळसा लोटायची. सगळ्या टेकडीला ऊब देतोयस, असं ती त्याला ऐकवायची. पानगळीत तो गेला. तिने खिडकी लावून घेतली, आणि पहिल्यांदाच तिला ते घर नको इतकं गरम वाटलं.

मार्चमध्ये बर्फ वितळायला लागला आणि धुकं दारापर्यंत आलं. अशा कोमट, ओल्या दिवसांत धुराडं नीट ओढत नाही. दुपारी डोकं दुखत होतं म्हणून मार्सेला शेगडीसमोर बसली, आणि तिला समोरच्या खुर्चीत काझिस दिसला. हात शेगडीकडे केलेले, खांदे आखडलेले. ती दचकली नाही. इतक्या दिवसांनी आलास, एवढंच तिला वाटलं, आणि रडू आलं. थंडी वाजते, तो म्हणाला. ती झडप जरा लाव.

तिने लावली. दुसऱ्या कुणी लावली असती तर तिने त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या. शेगडीतल्या निळ्या बाया वाकल्या, आखूड झाल्या. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला, पुन्हा तेच म्हणाला, आणि तिने झडप आणखी थोडी लावली. डोकेदुखीचं तिने मनावर घेतलं नाही. रडून रडून डोकं दुखायचंच, असं तिने ठरवून टाकलं.

त्याच जोडघराच्या दुसऱ्या अर्ध्या भागात काझिसची थोरली बहीण ब्रोने राहायची. मधली भिंत एक, धुराडंही एकच, पण दोघींचं कधी एकमत झालं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी अंगणाच्या कुंपणाशी मार्सेलाने न राहवून सांगितलं, की काझिस येतो. ब्रोनेने नाक उडवलं.

"तुझ्याकडे येतो यात काय विशेष? माझ्याकडेही येतो. तुझा नवरा व्हायच्या आधी माझा भाऊ होता तो."

"काय म्हणतो तुला?"

"थंडी वाजते म्हणतो. मार्सेलाला सांग म्हणाला, झडप पुरती लाव."

ब्रोने कपाळ चोळत आत गेली. मार्सेला तिथेच उभी राहिली. उघड्या हवेत तिचं डोकं निवळू लागलं. ज्या माणसाने श्वासासाठी बर्फ मांडीवर घेतला, तो हवा बंद करायला सांगेल? मग तिच्या समोरच्या खुर्चीत येऊन बसतं ते कोण?

ती घरात आली. शेगडीत एकही निळी बाई नव्हती, नुसता काळा ढीग आणि खाली मंद लाली. खुर्चीत तो होताच. आता तो तिच्याकडे पाहत होता. चेहरा काझिसचा, हनुवटीवरचा कोळशाचा निळा व्रणसुद्धा त्याचाच. झडप उघडली तर तो जाणार, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. आणि तिला तो हवा होता, कोणीही असला तरी हवा होता. तिने झडपेच्या मुठीवर हात ठेवला. मग कपाळ चोळत आत गेलेली ब्रोने आठवली, आणि दुसऱ्या हाताने तिने मधली भिंत ठोकली. पलीकडून ब्रोने नेहमी खेकसायची. आज काही आलं नाही. तिने पुन्हा ठोकलं. काही नाही.

मार्सेलाने झडप उघडली, खिडक्या उघडल्या, आणि धडपडत शेजारच्या दारात शिरली. ब्रोने स्वयंपाकघरात जमिनीवर पडली होती, गाल लग्नातल्या नवरीसारखे गुलाबी. काखेत हात घालून तिने तिला ओढत बाहेरच्या पायऱ्यांवर आणलं. धुक्यात बऱ्याच वेळाने ब्रोने खोकली, ओकली, आणि शुद्धीवर येताच शिव्या देऊ लागली.

अग्निशमनवाले आले. धुराड्याच्या विटा खिळखिळ्या झाल्यात, वायू दोन्हीकडे भरत होता, त्याने माणसाला नाही नाही ते दिसतं, असं त्यांनी समजावलं. दोघींनी शहाण्या मुलींसारखं ऐकून घेतलं. विटा बसवून झाल्या. काझिस कुणाकडेच आला नाही.

इस्टरच्या जेवणाला ब्रोने पहिल्यांदाच मार्सेलाच्या टेबलाशी बसली. बटाट्याचा कुगेलिस बराच वेळ चिवडून झाल्यावर तिने खाली मान घालून विचारलं, "खिडकी उघडलीस तेव्हा तो होता?"

"होता."

"काही बोलला?"

"थंडी वाजते म्हणाला."

"आणि तू?"

"मी दुसरी खिडकी उघडली."