काकांचं बेअरिंग

आमच्या समोरच्या काकांनी कानाने ऐकल्याशिवाय जगातली एकही गोष्ट खरी मानलेली नाही. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात त्यांनी सारी हयात फिटर म्हणून काढली. यंत्रावर स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि आतलं बेअरिंग काय म्हणतंय ते सांगायचं, हे त्यांचं काम. काका रिटायर झाले, स्क्रू ड्रायव्हर झाला नाही. तो अजून सदऱ्याच्या खिशात असतो. आमच्या नव्याकोऱ्या फ्रीजला लावून, हळदकुंकू वाळायच्या आत, "दोन वर्षं. फार तर अडीच," असा निकाल त्यांनी दिला होता. माझी बायको अजून तो विषय काढते. एकदा तर गणपतीच्या आरतीत टाळ्या थांबवून ते पंख्याकडे बघत बसले.

अशा माणसाचा जबडाच वाजायला लागला. तोंड उघडलं की कानाजवळ 'कट'! काका आधी खूशच झाले. स्क्रू ड्रायव्हर गालाला टेकवून मूठ माझ्यापुढे केली. "ऐक, ऐक. बेअरिंग गेलंय." मी हसत पळ काढला. मग त्यांनी कानात तेल ओतलं. वंगण! कान बंद झाला, कटकट तशीच. पुढे कानापासून कपाळापर्यंत ठणका लागला, तेव्हा हट्टाने एक धडधाकट दाढ उपटून आले. "संशय आला की पार्ट आधी काढायचा," म्हणे. अहो, दाढ म्हणजे काय नटबोल्ट आहे?

काकू गेल्यापासून त्यांचा डबा आमच्याकडून जातो. त्यातली भाकरी परत यायला लागली, मग भातही. मिसळीवर तुटून पडणारा माणूस चहात बिस्किट बुडवून दिवस काढू लागला, तेव्हा माझं हसणं बंद झालं. आणखी एक दाढ काढायला निघाले, तसं मी त्यांना स्कूटरवर बसवून दुसऱ्या डॉक्टरबाईंकडे नेलं.

बाईंनी दोन्ही कानांच्या पुढे बोटं ठेवली. "उघडा तोंड." कट. "काका, कान चांगला आहे, दाढाही चांगल्या आहेत. हा जबड्याचा सांधा दुखतोय, आणि दुखणं कानात, डोक्यात फिरतंय."

"मी म्हटलंच होतं, बेअरिंग!"

"त्याच्यावर ताण येतोय. झोपेत दात खाता का?"

"छे!"

"तुम्हाला कसं कळणार? घरात कोणी ऐकलं असेल, त्यांना विचारा."

काका खिशातला स्क्रू ड्रायव्हर चाचपत बसले.

परतताना स्कूटरवर मागून म्हणाले, "ती असती तर पहिल्याच रात्री ढोसून उठवलं असतं रे. अख्ख्या प्लँटचं मी ऐकायचो. माझं ऐकणारी तीच एक होती." मला इतकं वाईट वाटलं की सिग्नल सुटलेला कळलाच नाही.

आता झोपताना दातांवर घालायची पट्टी आहे, गरम शेक आहे, मऊ खिचडी आहे आणि मोठी जांभई द्यायला सक्त मनाई आहे. ठणका कमी झालाय. आवाज पूर्ण जाईल, असा शब्द बाईंनी दिलेला नाही. मला यंत्रातलं ओ की ठो कळत नाही. तरी रोज सकाळी डबा घेऊन गेलो की काका स्क्रू ड्रायव्हर गालाला टेकवतात, मूठ माझ्या कानाला लावतात आणि हळूच तोंड उघडतात. मी डोळे मिटून नीट ऐकतो आणि सांगतो, "कालच्यापेक्षा बरंय, काका."