चुकीच्या लॅटिनमधले शाप: बाथ ते केअरवेंट, दोन दिवस

लंडनजवळच्या हाउन्सलोच्या हॉलमध्ये गुढीपाडव्याचा कार्यक्रम होता. आठ वर्षांच्या आमच्या इरानं माईकवर सांगितलं, "आज माझी आजोबा पण आली आहे." पहिल्या रांगेतून माझ्या बाबांचा खणखणीत आवाज आला, "माझे आजोबा आले आहेत!" सगळा हॉल हसला. इरा खाली उतरली आणि त्या दिवसापासून आजोबांशी फक्त इंग्लिशमध्ये बोलू लागली.

बाबा कराडच्या शाळेत मराठी आणि इतिहास शिकवून निवृत्त झालेले. आम्ही राहतो त्या स्लाऊमधलं इराचं भरधाव इंग्लिश त्यांना निम्मंही कळायचं नाही. त्यांच्या परतीच्या विमानाला दोन आठवडे उरले होते आणि घरात दोघं एकमेकांना टाळत होते. २००७ची ईस्टरची सुट्टी लागली, माझ्या नवऱ्याच्या, समीरच्या, एअरपोर्टवर शिफ्ट्स होत्या, म्हणून मीच दोघांना गाडीत घातलं. बाबांनी रोमन साम्राज्य आयुष्यभर शिकवलं, पण पाहिलं कधीच नव्हतं.

शनिवारी सातला निघालो. एम-फोरनं स्लाऊ ते बाथ पावणेदोन तास. गाडी गावात नेऊ नका, बाहेर पार्क अँड राइडला लावा आणि बसनं जा. तिथल्या रोमन स्नानगृहाचं तिकीट महाग वाटतं, पण ऑडिओ गाईड त्यातच येतो आणि तीन तास सहज जातात. हिरवट पाण्यावर वाफ तरंगत होती. बाबा काठावर हात मागे बांधून उभे राहिले. इरा मुद्दाम दुसऱ्या काठावर.

खरी गंमत आतल्या काचेच्या कपाटात आहे. शिशाचे पातळ पत्रे, त्यांवर टोचून लिहिलेले शाप. कुणाची शाल चोरीला गेली, कुणाचे हातमोजे. चोराला शिक्षा कर, अशी इथल्या देवीला विनंती, आणि पत्रा गुंडाळून तिच्या गरम झऱ्यात टाकायचा. तिथे एक वयस्क बाई माहिती सांगत होत्या.

बाबांनी मला विचारायला लावलं, "हे रोमन अधिकाऱ्यांनी लिहिलेलं का?"

बाई हसल्या. "नाही, बहुतेक इथल्याच साध्या लोकांनी. त्यांच्या आज्यापणज्यांना लॅटिनचा गंधही नव्हता. लिखाणात चुका खूप आहेत. पण त्या चुकांमुळेच तर आम्हाला कळतं, की ही माणसं बोलायची कशी."

मी ते मराठीत सांगितलं. बाबा बराच वेळ काचेशी वाकून राहिले. "मी पोरांना शिकवलं, रोमनांनी प्रांत जिंकले," ते म्हणाले. "पुढे त्या प्रांतातल्या माणसांचं काय झालं, हे धड्यात नव्हतंच."

मुलांसाठी एका टेबलावर कागद होते, आपापला शाप लिहायला. इरानं आपला कागद हातानं झाकून लिहिला आणि तसाच विसरून पुढे गेली. बाबांनी उचलला. वाकड्यातिकड्या देवनागरीत होतं: "जो माझ्यावर हसली त्याची नाक गळू दे." बाबांचा हात सवयीनं खिशातल्या पेनाकडे गेला. पण पेन त्यांनी बाहेर काढलंच नाही. कागदाची घडी करून इराला दिली आणि म्हणाले, "मी हसलो नव्हतो, पण लोकांना हसायला मीच लावलं. चुकलं माझं."

इरानं घडी मुठीत दाबली. "ओके," म्हणाली. एवढंच.

पुढे सेव्हर्न नदीचा पूल. वेल्समध्ये शिरताना टोल पडतो, परतताना नाही. रात्री कार्डिफच्या हॉस्पिटलमध्ये काम करणाऱ्या मैत्रिणीकडे खिचडी आणि झोप.

रविवारी केअरवेंट. न्यूपोर्ट आणि चेपस्टोच्या मधलं हे छोटंसं खेडं, प्रवेश फुकट, गर्दी नाही. जेवण मात्र बरोबर न्या; आम्ही पोळ्या आणि बटाट्याची भाजी नेली होती. रोमनांशी वर्षानुवर्षं झुंजलेल्या इथल्या सिल्युर जमातीचं हे पुढे बाजाराचं गाव झालं. दुकानं, देऊळ, जमिनीखालून ऊब देणारी घरं. दक्षिणेची तटबंदी अजून दोन पुरुष उंच आहे आणि तिच्या पायथ्याशी मेंढ्या चरतात.

इरानं दगडावर हात ठेवला. "आजोबा, हा भिंत किती जुना आहे?"

दोन आठवड्यांतलं पहिलं मराठी वाक्य. बाबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "सतराशे वर्षं तरी," ते म्हणाले आणि तिला चौकाकडे घेऊन गेले. मोठ्या सभागृहाच्या, म्हणजे रोमनांच्या कचेरी-कोर्टाच्या, पायाशी माहितीफलक होता. अखेरच्या काळात या सभागृहात लोहारांच्या भट्ट्या पेटल्या होत्या.

"कोर्टात लोहार? का?"

"कारभार थांबला असेल. पण लोकांना खिळे, विळे लागतच होते ना."

"मग इथली लोक कुठे गेला?"

"कुठे जातील? इथेच राहिले. शेती करत, हळूहळू दुसरं काही बोलत." भाजी थंड झाली तरी दोघांच्या गप्पा चालूच होत्या.

परतताना इरा मागे झोपली. रेडिंगच्या अलीकडे ट्रॅफिक तुंबला होता. बाबा अचानक म्हणाले, "तू पुण्याला हॉस्टेलवर असताना पत्रं पाठवायचीस. मी लाल शाईनं दुरुस्त करून परत पाठवायचो."

"हो."

"दुसऱ्या वर्षी पत्रं कमी झाली. मला वाटलं, अभ्यास वाढला."

मी रस्त्याकडे बघत राहिले. "अभ्यास नव्हता बाबा. मला भीती वाटायची."

पुढची गाडी हलेपर्यंत बाबांनी हात माझ्या खांद्यावर ठेवला होता.

ते परत गेल्याला आता दोन महिने झालेत. दर रविवारी इरा त्यांच्याशी फोनवर मराठीत बोलते, वाटेल तसं. केअरवेंटचे फोटो बरे आलेत, बाथचे वाफेमुळे धूसर. दोन्ही जागा पाहण्यासारख्या आहेत, दोन दिवसांत आरामात होतात. काल मी बाबांना पत्र लिहायला घेतलं, हातानं, कित्येक वर्षांनी. 'तीर्थरूप' लिहिताना तीर्थातला ती ऱ्हस्व की दीर्घ, क्षणभर अडले. मग जो सुचला तो लिहिला आणि पुढे गेले.