गोड्या पाण्याची होडी

वरळीच्या बीडीडी चाळीत होडी आली ती हातगाडीवरून. पुढे दत्ताराम ओढत होता, मागून शेजारचा गुणाजी ढकलत होता, आणि अपोलो बंदरापासून वरळीपर्यंत वाटेतला प्रत्येक माणूस एकच विचारत होता, "कुणाची रे?" पहिल्या दहा जणांना गुणाजीने खरं सांगितलं, "ह्याची." कुणाचा विश्वास बसेना. मग अकराव्यापासून होडीचा मालक बदलत गेला. भायखळ्याला ती एका पारशाची होती, सातरस्त्याला पोलीस कमिशनरची, आणि चाळीच्या तोंडाशी आली तेव्हा खुद्द गव्हर्नरसाहेबांची झाली होती.

दत्तारामची बायको कांता खाली उतरून बघत उभी राहिली. तिच्या मागोमाग शेजारची सुंदराबाई उतरली. सुंदराबाईचा आवाज तळमजल्यावरून तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाला कुजबुजल्यासारखा ऐकू जाई.

"कांते, नवऱ्यानं होडी आणली, बेस केलं. आता पाणी कुठनं आणशील? नळ चारला येतो नि पाचला जातो. बादलीत सोडणार हायस काय?"

दत्ताराम हसला आणि होडीखालची हातगाडी काढायला लागला. बोलणं हा त्याचा प्रांत नव्हता. बंदरावर साहेबलोकांच्या शिडाच्या होड्या ठेवायची एक शेड होती, तिथे तो पंधरा वर्षं होड्या घासत होता, त्यांना व्हार्निश लावत होता. साहेब एकेक करून विलायतेला निघाले. त्यांतल्या एकाची होडी खडकावर आपटून बुडाला फुटली होती. मुकादम म्हणाला, "तोडा नि सरपण करा." दत्ताराम म्हणाला, "मी नेतो." पंधरा वर्षांत मुकादमाशी तो आपण होऊन बोलला ते एवढंच.

दोन चाळींमधल्या बोळकंडीत आठ महिने त्याचे रविवार गेले. फुटक्या फळ्या गेल्या, नव्या बसल्या. चिंचपोकळीच्या एका कारखान्यात मोडीत निघालेल्या व्हिक्टोरिया घोडागाडीचा आस आणि दोन चाकं मिळाली. त्यांचा त्याने गाडा केला, आणि ट्रकच्या मागे अडकवायला त्याला लोखंडी आकडा ठोकून घेतला. शीड कांताने शिवलं, मांजरपाटाचं, सुंदराबाईच्या मशीनवर. "सुई मोडशील," असं सुंदराबाईने प्रत्येक शिवणीला एकदा सांगितलं, आणि शेवटची शिवण हातातून ओढून घेऊन स्वतः मारली.

शीड हाकायला दत्ताराम शिकला कधी? काठावर उभं राहून. साहेबाने वारा चुकीच्या अंगाने घेतला की काठावर दत्तारामचा खांदा आपोआप वळायचा. पंधरा वर्षं तो असा कोरड्या जमिनीवर होडी चालवत होता.

गुणाजीला एकच कोडं सुटत नव्हतं. "दत्ता, समुद्र इथं हाकेवर. खिडकीतनं थुंकलास तर समुद्रात पडेल. आणि तू होडी ट्रकला बांधून तळी शोधत हिंडणार?"

"समुद्र खारा," दत्ताराम म्हणाला. "तो कुणालाच प्यायला देत नाही, म्हणून तिथं कुणी कुणाला अडवत नाही. मला गोड्या पाण्यावर जायचंय."

कांता दारात तांदूळ निवडत होती. तिचा हात सुपातच थांबला. तिच्या सासऱ्याने, भिवाने, नाशिककडच्या त्यांच्या गावी चाळीस वर्षं तळ्याची राखण केली होती. गावच्या राखणदाराची, येसकराची काठी घेऊन बांधावर रात्री काढायच्या, पण घाटाच्या पायऱ्या उतरायच्या नाहीत, पाण्याला हात लावायचा नाही. आपला नवरा असा का गप्प असतो, हे तिला लग्नाला सहा वर्षं झाल्यावर त्या दिवशी कळलं.

मग शनिवार सुरू झाले. रघुवीर नावाचा चिंचपोकळीचा ड्रायव्हर नाशिकची भाजी भायखळ्याच्या बाजारात आणायचा आणि शनिवारी दुपारी रिकामा ट्रक घेऊन परत निघायचा. आला की हॉर्नवर हात ठेवूनच बोलायचा. "चल दत्ता, टायम खोटी नको करू. वैनी, बसा पुढं. अरे हळू बांध, मेरी गाडी है, बैल नाय." वाटेतल्या एखाद्या तळ्याशी तो दोघांना आणि होडीला सोडायचा आणि रविवारी रात्री भाजीने भरून येताना उचलायचा. मधला एक दिवस आणि एक रात्र दोघं पाण्यावर. संध्याकाळी दत्ताराम दोराला दगड बांधून तळ्यात सोडायचा, शीड आडव्या काठीवर टाकून त्याचा तंबू करायचा, आणि कांता स्टो पेटवून त्याच तळ्याच्या पाण्याचा चहा टाकायची. हा नेम. सोबत न्यायचं पाणी चहाला चालायचं नाही.

चाळीत सोमवारी सकाळी निकाल लागायचा.

"पवईचा?" सुंदराबाई विचारी.

"म्हशीचा वास येतो," कांता सांगे.

"ठाण्याचा?"

"बरा. पण चहा पिताना काठावरनं वीस माणसं बघतात."

"इगतपुरीचा?"

"अहाहा. तिथं दूध नसतं तरी चाललं असतं."

हाकेवर अथांग समुद्र असलेल्या त्या चाळीत बाप्ये, बाया, पोरंटोरं तळ्यांची चव तोंडपाठ म्हणू लागली.

छप्पन साली मुंबई पेटली होती. गोळीबार झाले, चाळीचाळीतून मोर्चे निघाले. एका संध्याकाळी चाळीतल्या पोरांना शिवाजी पार्कच्या सभेला न्यायला मोठं कापड हवं होतं आणि कांताने धुतलेलं शीड दोरीवर वाळत होतं. पोरांनी विचारलं नाही. काळ्या ऑइलपेंटने हातभर अक्षरांत लिहिलं, 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे', आणि दोन बांबूंना लावून नेलं. कांता संतापली. दत्ताराम कामावरून आला, शीड दिव्यापाशी धरून वाचलं आणि म्हणाला, "मला सुट्टी नव्हती. शीड तरी जाऊन आलं."

दोन दिवसांनी झडतीला आलेला हवालदार डोलकाठीपाशी अडला. "एवढा बांबू कशाला?"

"होडीचा आहे," दत्ताराम म्हणाला.

"होडी कुठं चालते?"

"पवईला."

"पवईला समुद्र कधी आला?"

"नाही आला साहेब. मीच जातो."

हवालदाराने होडीत वाकून पाहिलं, स्टो पाहिला, चहाची डबी उघडून हुंगली. "च्यायला," एवढंच म्हणाला आणि पुढच्या चाळीकडे गेला. रंग मात्र राहिला. कांताने सोड्याने घासला, रॉकेलने घासला. 'मुंबईसह' फिकट झालं, 'झालाच पाहिजे' तसंच राहिलं.

पुढच्या वर्षी भिवा मुंबईला आला. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर त्याने येसकराची काठी गावच्या चावडीत नेऊन ठेवली आणि गाडी धरली. चाळीत तो खाटेवर बसून सगळ्यांच्या चुका काढायचा. होडीची तर रोजच. "ह्या टोपल्यात बसून माणसं झोपत्यात व्हय? बेडकं बरी." पण दर सोमवारी पोरगा अन् सून परत आले की तो एकच गोष्ट विचारायचा, "पानी किती खोल व्हतं?"

पवईचं सांगितलं की मान हलवायचा. ठाण्याचं सांगितलं की मान हलवायचा. ऐकायचा मात्र कुठल्याच तळ्याचं नाही. हे कांताच्या लक्षात आलं. म्हातारा विचारत होता ते पवईचं नव्हतंच.

तिने एकदा सरळ विषय काढला. "मामा, आपल्या गावच्या तळ्यावर जाऊ या की. रघुवीरभाऊंचा ट्रक तिथनंच जातो."

भिवाने पंचाने तोंड पुसलं. "तुमी जाल, शीड लावाल, दुसऱ्या दिशी ममईला याल. लक्ष्मी तितंच ऱ्हाती. पाटलाचा राग निघंल त्यो तिच्यावर. तिनं कुटं जायाचं?"

लक्ष्मी त्याची धाकटी बहीण, एकटी. त्या रात्री दत्ताराम होडीपाशी जाऊन उगाच दोर गुंडाळत बसला. कांताला कळत होतं, ह्या माणसाने इगतपुरी पाहिली, ठाणं पाहिलं, उद्या काश्मीरलाही होडी नेईल; पण बाप त्या एका तळ्यावर बसला नाही तर ही सगळी तळी त्याला कोरडीच.

तिने लक्ष्मीआत्याला कार्ड टाकलं. महिन्याने उत्तर आलं. अक्षर शाळेच्या मास्तराचं, बोलणं लक्ष्मीचं: 'कांतास आशीर्वाद. माझ्या नावावर भिवा घाबरतो ते त्याला शोभत नाही. पाटील मला काय करायचं ते करून दमला. दिवाळीनंतर या, तळं भरलेलं असतं. मी बांधावर उभी राहते. चहाला साखर आणावी, इथं मिळत नाही.'

कार्ड वाचून दाखवल्यावर म्हाताऱ्याने ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. मग म्हणाला, "साखर घ्या."

अठ्ठावन्नच्या मार्गशीर्षातल्या एका शनिवारी दुपारनंतर रघुवीरने त्यांना बांधाशी सोडलं. गाडा उतारावरून पाण्याशी जाईपर्यंत अर्धं गाव जमलं होतं. लक्ष्मी डोक्यावर पाटी घेऊन बांधावर उभी होती. भिवा पाण्यापासून दहा पावलांवर थांबला आणि सवयीने वहाणा काढून ठेवल्या. कांताने त्या उचलल्या आणि होडीत टाकल्या.

गर्दीतून शामराव पाटील आले. बोलण्याआधी दरवेळी घसा खाकरायची त्यांना सवय. "आं... ही होडी म्हंजे, कुणाची?"

"माझी," दत्ताराम म्हणाला.

"आणि हा, आं, भिवा. बरं आहे ना, भिवा? तर म्हंजे असं आहे, हे गावाचं पाणी. पिण्याचं. त्याला काही, आं, रीत असते."

भिवाने एक पाऊल मागे घेतलं. दत्तारामने वाद घातला नाही. वारा बांधाकडून येत होता. त्याने वाऱ्याकडे पाहिलं, दोर धरला आणि हातावर हात टाकत शीड वर ओढलं. मांजरपाट फडफडलं, ताणलं, आणि हातभर काळी अक्षरं गावासमोर उभी राहिली.

पाटील वाचत राहिले. ते तालुक्याचे संयुक्त महाराष्ट्र समितीवाले. छातीला बिल्ला होता.

"पाटील," बांधावरून लक्ष्मीचा आवाज आला, "बुधवारच्या बाजारात तुमी ह्येच वरडत व्हता की. मी हीच पाटी घिऊन हुबी व्हते. तुमी म्हनला, समदी मराठी मानसं एक. मी म्हनलं, आयकू तरी, कुटवर एक."

मागून कुणीतरी हसलं. शाळेच्या पोरांना शिडावरची अक्षरं दिसलीच होती. त्यांनी नेहमीच्या चालीत घोषणा सुरू केली. "झालाच पाहिजे." एकदा, दोनदा, मग सगळ्यांनी. पाटलांचा हातही सवयीने निम्मा वर गेला. तो त्यांनी तसाच फिरवून मिशीला लावला.

"आं... बरं," ते म्हणाले. "जपून जा, म्हंजे झालं. पाणी सोडायच्या मोरीकडं जाऊ नका. तिथं ओढ आहे."

"मोरीची वढ मला ठावं हाय, पाटील," भिवा म्हणाला, आणि पाण्यात पाय घालून होडीत चढला.

त्यानंतर होडीचा मालक दत्ताराम उरला नाही. "डावीकडं घे. हितं गाळ हाय. आता सरळ. हितं तीन पुरुस." दत्तारामने दोर सोडून पाहिला, तीन माणसं एकावर एक उभी राहतील एवढाच बुडाला. दुष्काळाच्या साली तळं आटलं तेव्हा गाळ उपसायला भिवालाच लावलं होतं. तळ त्याने पाहिला होता. पाण्यावर मात्र तो आजच आला होता.

मध्यावर दगड सोडला. कांताने स्टो पेटवला. भिवा मागे वळून बांधाकडे बघत होता.

"त्यो दगड," तो म्हणाला. "तितं बसायचो मी. केवडासा दिसतोय." मग बोट खाली आणलं. "त्येच्या खाली पाझर हाय. दर भादव्यात पाटील बांध तपासायचा. कुटं कुटं गळतंय ते मी दावायचं, मंग चिकनमाती भरायची. मी समदं दावायचो, एक सोडून. त्यो बांधाखाली निगायचा, आपल्या आठ घरांपाशी. त्येच्यावर आपुन जगलो. तळ्यात एक पुरुस पानी उरलं की पाझर बंद."

दत्ताराम शिडाचा दोर हातात धरून तसाच राहिला. कांताला दर सोमवारचा तो प्रश्न आठवला. पाणी किती खोल होतं. चाळीस वर्षं रोज सकाळी म्हाताऱ्याने आधी हेच पाहिलं होतं.

तिने पातेलं होडीच्या कडेवरून बुडवून भरलं. साखर जरा जास्तच घातली. भिवाने कप दोन्ही हातांत धरला, फुंकर मारली, एक घोट घेतला आणि तोंडात फिरवत राहिला. दोघं त्याच्याकडे बघत होते. त्याने आणखी एक घोट घेतला.

"त्येच पानी हाय," तो म्हणाला.

मग त्याचं त्यालाच हसू आलं. "दत्त्या, त्येच पानी हाय की रं. ल्हानपनी लक्ष्मी मला सांगायची, दादा, वरचं ग्वाड आसंल. मी बी तिला सांगायचो, आसंल."

ऊन कलत होतं. गाव पांगलं होतं. बांधावर लक्ष्मी एकटीच अजून उभी होती, पाटी खाली ठेवून, कपाळावर हात धरून होडीकडे बघत.

दत्तारामने दोर ओढून दगड वर घेतला आणि होडीचं तोंड बांधाकडे वळवलं. कांताने आणखी एक कप पुसायला घेतला.