नामंजूर आकृती

मी ते पाहिलं होतं. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं पळवाट राहणार नाही. कॉलेजच्या मायक्रोस्कोपला डोळा लावून दोनदा पाहिलं आणि मान वर करून म्हणालो, "काही दिसत नाही."

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. कचेऱ्यांच्या पाट्यांवर नवं नाव चढत होतं आणि नळ कोरडे होते. आमचा शिपाई म्हणायचा, "जिल्हा झाला सर, आता पाण्याची बी एक पाटी लावा म्हणावं, वाचून तरी तहान भागंल." मी प्राणिशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर, नोकरी कच्ची. कॉलेजमागचं डबकं आटलं, म्हणून एकपेशीय प्राण्यांचं प्रॅक्टिकल त्या वर्षी झालंच नाही. जर्नलं मात्र पूर्ण झाली. पोरांनी मागच्या बॅचच्या जर्नलांवरून आकृत्या उतरवल्या, मी सह्या ठोकल्या. त्याला कुणी चोरी म्हणत नसे, तशी रीतच होती.

एकच मुलगी अडून बसली. जवळच्या मुरुडहून एसटीनं यायची. घर बौद्धवाड्यातलं, आईबाप रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायचे. गावच्या तलावाच्या तळाशी उरलेलं पाणी तिनं औषधाच्या बाटलीत भरून आणलं, स्वतःच स्लाइड लावली आणि दिसलं ते जर्नलात काढलं. तुतारीच्या आकाराचा निळा जीव, स्टेंटर. त्याच्याभोवती निळा ढग. शेजारी लांब सोंडेचा एक शिकारी, मागं फिरलेला.

"हा ढग कुठून आणलास? पुस्तकात नाही," मी म्हणालो.

"पुस्तकवाल्यानं आमच्या तळ्याचं पाणी बघितलं न्हाई सर."

"खोड तेवढा. लगेच सही देतो."

"खोडू कामून? तुमी बघा की."

बघितलं. स्टेंटर काडीला बुडानं चिकटून होता. एका पेशीचा जीव, ना दात ना नखं. सोंडवाला फिरत फिरत आला. त्याच्या सोंडेत विष असतं, ते मला ठाऊक होतं. सोंड लागली. स्टेंटर संपला असं मला वाटलं, तेवढ्यात त्याच्या अंगातून निळा धूर सुटावा तसं काहीतरी सुटलं. शिकारी झटक्यासरशी मागं सरला आणि भलत्याच दिशेला निघून गेला. स्टेंटर जिथल्या तिथं, फक्त एका बाजूला जरा फिका. थोड्या वेळानं दुसरा सोंडवाला आला, त्याचीही तीच गत. तो निळा रंग म्हणजेच स्टेंटरचं विष, हे छापलेलं मला पुढं कित्येक वर्षांनी वाचायला मिळालं. तिनं ते तेव्हाच काढून ठेवलं होतं.

तेवढ्यात विभागप्रमुख मागं येऊन उभे राहिले. "काय म्हणते ही?"

खरं म्हणते म्हणालो असतो, तर बाकीच्यांनी कोरड्या डबक्यातून आकृत्या कशा काढल्या, हा प्रश्न आला असता. माझ्या सगळ्या सह्या उघड्या पडल्या असत्या. म्हणून म्हणालो, "काही दिसत नाही सर." तिथं थांबायचं होतं. थांबलो नाही. म्हणालो, "हिच्या पाण्यातच घाण आहे."

वर्ग हसला. का हसला, ते मला कळलं होतं. तिलाही.

"तुमी बघितलंय सर," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. जर्नल उचललं आणि गेली. सही नाही म्हणून परीक्षेला बसता आलं नाही, तिचं वर्ष गेलं. पुढच्या वर्षी तिनं नांदेडला नाव घातलं, एवढंच कानावर आलं.

ती हिमायतनगरला शाळेत विज्ञान शिकवते, हे यंदा कळलं आणि मी जायचं ठरवलं. सहकारी म्हणाले, "कशाला उकरता? तिला आठवत पण नसेल." वर्ष त्यांचं गेलं नव्हतं. मी कुणाचं ऐकलं नाही, आणि हे लिहितानाही ऐकणार नाही.

पाहिलं होतं आणि खोटं बोललो, असं कागदावर लिहून, खाली सही करून नेलं. तिनं उभ्यानंच वाचलं.

"कागदाला काय करू सर? तुम्ही वर्गासमोर बोलला होतात ना?"

आणि मला नववीच्या वर्गात नेऊन उभं केलं. मी सगळं सांगितलं. स्टेंटरचं, सह्यांचं, आणि ते घाणीचं वाक्यही, जसंच्या तसं. पुढच्या बाकावरची एक मुलगी उठली.

"तुमी भेला होता का सर?"

नुसतं हो म्हटलं असतं तर सुटलो असतो. भ्यालेल्या माणसाला लोक माफ करतात.

"भ्यालो होतो, म्हणून दिसत नाही म्हणालो," मी म्हणालो. "पण ते दुसरं वाक्य भीतीनं नाही आलं, पोरी. ते तोंडातच होतं. तुमच्या या बाई आमच्या भावकीतल्या असत्या, तर आलं नसतं."

वर्गात कुणी हसलं नाही. मी खुर्चीकडं वळलो.

"बसू नका सर," बाई म्हणाल्या. "अजून कुणाला विचारायचं असेल."